फुकटची उमेदवारी कुणाला परवडते?

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्या व महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव लांबलचक छापलं आहे : ‘कलासंग्रहालयातलं शिक्षणकार्य आणि विद्यार्थिनींसाठी सवेतन उन्हाळी उमेदवारी’. ते वाचून आपल्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी चहाच्या वेळी मला विचारलं, “अगं, इथं पोटगीचे, रेशनकार्डाचे, मारहाणीचे प्रश्न ढिगानं पडलेत आणि तू चित्रांचं काय घेऊन बसलीस?” त्यांचं म्हणणं रास्त आहे. मीही रोज त्याच प्रश्नांत काम करते. पण मला आज जे बोलायचं आहे ते चित्रांपेक्षा कामाबद्दल आणि दामाबद्दल आहे. बाईनं केलेल्या कामाला कधी काम म्हणायचं आणि कधी ‘आवड’ म्हणून सोडून द्यायचं, हा आपला जुनाच प्रश्न आहे. फक्त तो आज एका नव्या जागी आपल्याला भेटतो आहे.

आधी शब्दाचं बघू. उमेदवारी म्हटलं की आता निवडणूकच आठवते. पण वकिलाच्या हाताखाली, गवंड्याच्या हाताखाली, छापखान्यात नवखा माणूस काम शिकायला राहायचा, त्यालाही आपण उमेदवारी करणंच म्हणत आलो. हल्ली कॉलेजात त्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात. शब्द इंग्रजी झाला, की जुने प्रश्न नाहीसे झाल्यासारखे वाटतात. पण उमेदवाराला दोन वेळचं जेवण कोण घालणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आता संग्रहालयांचं. आपल्या दोन जिल्ह्यांत काय काय आहे याची पुष्कळदा आपल्यालाच कल्पना नसते. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात औंध आहे. यमाईच्या दर्शनाला तुमच्यापैकी बऱ्याच जणी गेल्या असतील. त्या डोंगराच्या उतारावरच श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये ते उभारलं. ते स्वतः चित्रकार होते. तिथं राजा रविवर्मा यांची चित्रं आहेत, एम. व्ही. धुरंधरांची आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पही आहे. असं शिल्प बघायला लोक परदेशी जातात. आपल्याकडे ते साताऱ्याहून एसटीनं जाता येईल अशा गावात आहे.

साताऱ्याला एसटी स्टँडजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखं तिथं काही महिने ठेवली होती, तेव्हा शाळांच्या शाळा रांगा लावून येत होत्या. सांगलीतही संग्रहालय आहे. ही तिन्ही राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. म्हणजे ती सार्वजनिक आहेत, तुमची-माझी आहेत.

पण सार्वजनिक जागेत कोण जातं आणि तिथून काय घेऊन बाहेर पडतं, हे नुसतं दार उघडं ठेवून ठरत नाही. शाळेची सहल येते तेव्हा काय होतं ते आठवा. मुलांची रांग, पुढं सर, मागं बाई. “हात लावू नका, बोलू नका, पुढं चला.” वीस मिनिटांत सगळी दालनं संपतात आणि मुलं बाहेर येऊन डबे सोडतात. चित्रापुढं उभं राहून बोलायचं असतं, प्रश्न विचारायचे असतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. बचत गटाच्या बायका देवीला येतात, त्या संग्रहालयाच्या पायरीवरूनच परत फिरतात. “आम्हाला त्यातलं काय कळतंय?” असं म्हणतात.

संग्रहालयातलं शिक्षणकार्य म्हणजे हे अंतर कमी करण्याचं काम. त्यात भाषण ठोकायचं नसतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९८० च्या दशकात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांनी या कामाची एक साधी रीत बसवली. गटाला घेऊन एकाच चित्रापुढं थांबायचं. थोडा वेळ नुसतं बघू द्यायचं. मग विचारायचं, या चित्रात काय चाललंय? मुलं काही सांगतात. मग विचारायचं, तुला असं कशावरून वाटलं? आणि मग, आणखी काय दिसतंय? एवढेच तीन प्रश्न. पहिल्या प्रश्नाला हुशार मूल बोलतं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत गप्प बसलेलं मूलही बोलायला लागतं, कारण उत्तर पुस्तकात नसतं, समोर भिंतीवर असतं.

ही रीत आपल्या औंधच्या एका चित्रावर लावून बघू. रविवर्म्यांची ‘सैरंध्री’ तिथं आहे. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी. विराटाच्या राणीकडे, सुदेष्णेकडे, ती वेणीफणी करणारी दासी म्हणून राहिली होती. राणीच्या भावाची, कीचकाची, तिच्यावर नजर गेली. राणीनं तिलाच मद्य आणायला कीचकाच्या महालात पाठवलं. ती नको म्हणत होती. पुढं भर दरबारात तिनं दाद मागितली, तेव्हा राजा गप्प बसला.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. पण तिच्याकडे कामाच्या ठिकाणची गोष्ट म्हणून बघा. मालकीण, तिचा दांडगा भाऊ, नको असताना पाठवलेलं काम, तक्रार आणि तक्रारीनंतरचं मौन. १९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवीवर बलात्कार झाला. ती सरकारच्याच योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करत होती आणि बालविवाह थांबवायला गेली होती. त्यातून १९९७ चा विशाखा निवाडा आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना हा कायदा फळ्यावर लिहून शिकवायचा म्हटलं तर त्या जांभया देतात. सैरंध्रीपुढं उभं करून विचारलं, “ही घाबरलीय असं तुला कशावरून वाटतं?” तर त्या आपणहून बोलतात. चित्रापाशी बोलता बोलता एखादी कारखान्यातलं, शेतावरच्या मुकादमाचं, क्लासमधल्या सरांचंही बोलून जाते. चित्र आडोशाचं काम करतं. स्वतःबद्दल बोलायची धास्ती वाटते, सैरंध्रीबद्दल बोलता येतं.

दुसरंही एक दिसतं. संग्रहालयातल्या चित्रांत बायका पुष्कळ असतात, चित्राखालच्या सहीत मात्र कमी असतात. न्यूयॉर्कमधल्या ‘गुरिल्ला गर्ल्स’ या चित्रकर्त्या बायकांच्या गटानं १९८९ मध्ये तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाऊन चक्क मोजदाद केली. आधुनिक कलेच्या दालनांत चित्रकार म्हणून बायका शंभरात पाचही नव्हत्या, आणि नग्न चित्रांपैकी शंभरातली पंचाऐंशी बायकांची होती. त्यांनी हे आकडे पोस्टरवर छापले. आपल्याकडेही धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या चित्रकर्त्या होत्या, ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथन त्यांनी लिहिलं. पण धुरंधर म्हटलं की आपल्याला वडीलच आठवतात. असं मोजायला, असं विचारायला शिकवणं हेसुद्धा संग्रहालयातलं शिक्षणच आहे. ते कोण करणार?

माझं म्हणणं आहे की ते तुम्ही करावं. इथं बसलेल्या विद्यार्थिनींपैकी कुणी इंटरमिजिएटची परीक्षा दिली आहे, कुणी ए.टी.डी. करते आहे, कुणी बी.ए.ला इतिहास किंवा मराठी घेतलंय, कुणी माझ्यासारखी समाजकार्याकडे वळली आहे. तुम्हाला गावची बोली येते, मुलांना हाताळता येतं. मोठ्या शहरातून आलेल्या तज्ज्ञापेक्षा औंधच्या जत्रेतल्या बाईशी तुम्ही जास्त चांगलं बोलाल. उन्हाळ्यात शाळा बंद असतात हे खरं. पण मामाच्या गावाला आलेली पोरं असतात, देवीला आलेली कुटुंबं असतात, बचत गटांना जरा उसंत असते. शिवाय जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हासाठी तयारी लागते : कोणत्या इयत्तेला कोणती चित्रं दाखवायची, मुलांच्या हाती द्यायचे प्रश्नांचे कागद, सोप्या मराठीतल्या पाट्या, शाळांना लिहायची पत्रं. आठ आठवड्यांचं भरगच्च काम आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्यापैकी किती जणींचा उन्हाळा मोकळा असतो?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या मुलींना मी हे विचारलं तर त्या हसतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी बेदाण्याचा हंगाम. शेडवर द्राक्षं पसरायची, बेदाणा झाडायचा, निवडायचा. रोजावर काम. महाबळेश्वर, वाईकडे स्ट्रॉबेरीची तोडणी. सांगलीला हळद. ज्यांच्या घरी स्वतःचं शेत आहे त्यांना घरच्याच रानात राबायचं. कॉलेजची फी, वसतिगृहाचं डिपॉझिट, धाकट्या भावाचा क्लास, हे सगळं त्या दोन महिन्यांच्या मजुरीवर उभं असतं. आणि उन्हाळा म्हणजे लग्नसराई. सुट्टीत मुलगी घरी मोकळी दिसली की पाहुणे बघायला येतात. “काय करते हल्ली?” या प्रश्नाला “सुट्टी आहे, घरीच असते” हे उत्तर गेलं की पुढची बोलणी सुरू होतात. मुलीच्या हाती नियुक्तीचं पत्र आणि महिन्याला चार पैसे असले, तर तिची आई निदान म्हणू शकते, “तिचं काम चालू आहे, यंदा नको.” विद्यावेतनाचा हा उपयोग कुठल्याही सरकारी कागदावर लिहिलेला नसतो, पण मी तो घराघरांतून पाहिला आहे.

अशा मुलीला जर सांगितलं, “आठ आठवडे संग्रहालयात ये, पैसे नाहीत, पण अनुभव मिळेल, प्रमाणपत्र मिळेल,” तर ती येणार नाही. तिला आवड नाही म्हणून नव्हे. तिच्या घरच्यांना तिचे दोन महिने विकत घेणं परवडत नाही म्हणून. मग येणार कोण? जिचे वडील नोकरीत आहेत, जिचं घर शहरात आहे, जिला कुणी डबा करून देतं. ती आली याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढं दोन वर्षांनी कुठं जागा निघाली की विचारतात, “अनुभव आहे का?” तेव्हा तिच्याजवळ प्रमाणपत्र असतं आणि बेदाणा निवडणारीजवळ नसतं. मग म्हणतात, गुणवत्तेवर निवड झाली. फुकटची उमेदवारी ही अशी गुपचूप चाळणी असते. तिच्यावर जात लिहिलेली नसते, वर्ग लिहिलेला नसतो, ‘मुलींना प्रवेश नाही’ असंही लिहिलेलं नसतं. तरी गाळायचं ते ती गाळतेच.

हे माझ्या स्वतःच्या शिक्षणातही होतं. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आठवड्यातले ठरलेले दिवस क्षेत्रकार्याला जायचे. एका संस्थेत आम्ही सर्वेक्षणं केली, अहवाल लिहिले, कार्यक्रमांच्या खुर्च्याही मांडल्या. एसटीचं भाडं आमचं, दुपारचं जेवण आमचं. क्षेत्रकार्यानं मला घडवलं, ते मी नाकारत नाही. पण आमच्या वर्गातल्या दोघी-तिघी लांबच्या चांगल्या संस्था सोडून बसस्टँडजवळची संस्था मागून घ्यायच्या, कारण त्यांना रोजचं भाडं झेपत नव्हतं. कुठं शिकायचं हे त्यांच्या आवडीनं ठरत नव्हतं, तिकिटानं ठरत होतं.

आता हा प्रश्न जास्त मोठा झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आला, चार श्रेयांकांचा. काम करून शिकणं चांगलंच आहे. पण काम केल्याशिवाय पदवी नाही आणि कामाचे पैसेही नाहीत, अशी जोडी जमली तर विद्यार्थिनी म्हणजे बिनपगारी मनुष्यबळ होऊन बसेल.

तुम्ही म्हणाल, शिकणाऱ्याला पैसे कशाचे? मग मला सांगा, आयटीआय झालेला मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागतो, तेव्हा त्याला विद्यावेतन का मिळतं? कारण १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तोही शिकतच असतो. पण त्याच्या हातात वेल्डिंगचं यंत्र असतं, म्हणून ते काम दिसतं. मुलांना गोळा करणं, समजावणं, बोलतं करणं, सांभाळून घेणं, हे बायकांना ‘येतंच’ असं धरलेलं आहे. जे आपोआप येतं त्याला पैसे कशाला? अंगणवाडीताई आणि आशाताईंच्या बाबतीत तेच चालतं. त्यांना पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. संग्रहालयात मुलांना चित्र दाखवणं हे त्याच रांगेतलं काम आहे. म्हणून मी म्हणते की हा चित्रकलेइतकाच बाईच्या श्रमाचा विषय आहे.

साताऱ्यात उभं राहून हे बोलताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पैसे मिळवत शिकणं ही कल्पना आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह आलं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज आलं. ‘कमवा आणि शिका’ ही त्या कॉलेजची ओळख. गरिबाच्या मुलानं दान घेऊन मिंधं होऊ नये, श्रम करावेत, त्यातून शिकावं, हा त्यामागचा विचार होता. श्रमाला प्रतिष्ठा आहे असं नुसतं सांगून ते थांबले नाहीत. श्रमाला मोल आहे, हेही त्यांनी मान्य केलं.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू आपण बायकांनी बघायला हवी. त्या वसतिगृहातली मुलं जेवत होती ती लक्ष्मीबाई पाटलांच्या आधारावर. पोरांच्या पोटासाठी त्यांनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा विकलं. १९३० मध्ये त्या गेल्या. आपण त्याला त्याग म्हणतो, आणि तो होताच. मात्र मुलांनी केलेल्या श्रमाला ‘कमाई’ हा शब्द मिळाला आणि लक्ष्मीबाईंनी केलेल्या श्रमाला ‘त्याग’ हा. दोन्ही शब्द आदराचेच आहेत. फरक इतकाच, की कमाईचा हिशेब मांडता येतो, त्यागाचा मांडत नाहीत. त्याग, सेवा, आवड, अनुभव अशा चांगल्या चांगल्या शब्दांआड बायकांचं किती काम बिनहिशेबी राहिलं आहे, ते तुम्हीच आठवून बघा.

बाहेरच्या जगातही ही चर्चा झालेली आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये लॉस एंजेलिसला वंशद्वेषाच्या प्रकरणावरून मोठी दंगल झाली. त्यानंतर तिथल्या गेटी संस्थेनं स्वतःला विचारलं, की आपल्या शहरातल्या संग्रहालयांत काम करणारे सगळे एकाच समाजातून का येतात? १९९३ पासून त्यांनी वंचित समाजांतल्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी सवेतन उमेदवारी सुरू केली. ती एकट्या गेटीत नाही, तर शहरातल्या लहानमोठ्या अनेक संग्रहालयांत, आणि पैसे गेटीनं दिले. आजवर हजारो विद्यार्थी त्यातून गेले. पुढं २०१९ मध्ये तिथल्या कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेनं ठराव करून आपल्या सभासदांना सांगितलं, की उमेदवारांना पैसे द्या, कारण फुकटची उमेदवारी फक्त खात्यापित्या घरच्यांनाच परवडते. श्रीमंत देशातल्या संचालकांना जे कळलं ते दुष्काळी खटाव-माणच्या मुलीला कुणी समजावून सांगायला नको. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आता आपल्याकडे काय आहे? २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी पास उमेदवाराला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. म्हणजे शिकाऊ माणसाला पैसे द्यावेत हे शासनानं तत्त्व म्हणून मान्य केलेलं आहे. पण योजनेच्या नियमात एक अट घातली : शिक्षण चालू असलेला उमेदवार पात्र नाही. म्हणजे तुम्ही बाहेर. शिक्षण सोडलंत तर पैसे, शिकत राहिलात तर नाहीत. ज्या मुलीचं शिक्षण पैशाअभावी सुटायच्या बेतात आहे, तिच्यासाठी ही अट उलटी पडते. सुट्टीपुरती, शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी वेगळी सोय आपल्याला म्हणून मागायची आहे.

किती पैसे लागतील? आपण घरखर्चाचा हिशेब करतो तसा करू. औंध, सातारा, सांगली, तीन संग्रहालयं. प्रत्येकी चार विद्यार्थिनी, म्हणजे बारा. दोन महिने. दरमहा ६,००० रुपये धरले तर १,४४,००० रुपये. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी प्रवास आणि दुपारचं जेवण यासाठी दरमहा हजार धरू, म्हणजे आणखी २४,०००. एकूण १,६८,००० रुपये. दोन जिल्ह्यांना मिळून. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखावा लागतो. शिलाईयंत्रं वाटली जातात, सायकली वाटल्या जातात. त्यातला थोडा वाटा इकडे का येऊ नये? साखर कारखाने आहेत, सहकारी बँका आहेत, त्यांच्याकडेही मागता येईल. पैसा नाही हे उत्तर मला पटत नाही. या कामाला पैसा द्यावा असं अजून कुणाला वाटलेलं नाही, हे खरं कारण आहे.

आणखी एक आक्षेप मी ऐकते. पैसे ठेवले की फक्त पैशासाठी मुली येतील, आवडीनं येणाऱ्या येणार नाहीत. मैत्रिणींनो, प्राध्यापक पगार घेतात म्हणून त्यांची विषयाची आवड गेली असं कुणी म्हणत नाही. चित्रकारानं चित्राची किंमत सांगितली तर त्याला कुणी लोभी म्हणत नाही. खुद्द रविवर्मा संस्थानिकांकडून मोबदला घेऊनच चित्रं काढत होते. पैसा आणि आवड यांचं भांडण फक्त बाई मोबदला मागायला उभी राहिली की लावलं जातं.

पण नुसते पैसे मिळाले म्हणजे झालं, असंही नाही. आपण ज्या अटी घालू त्या नीट ठरवून घालू.

पहिली अट, काम लेखी हवं. संग्रहालयात शिकायला आलेली मुलगी झाडलोट करायला, साहेबांचा चहा आणायला किंवा पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला नाही. कोणत्या वयोगटाबरोबर काम, किती तास, सुट्टी कोणती, हे पत्रात असावं.

दुसरी, शिकवणारं कुणीतरी हवं. पहिले दोन आठवडे संग्रहाची ओळख, चित्राकडे बघण्याचा सराव, मुलांशी बोलण्याचा सराव. त्याशिवाय उभं केलं तर ती पाठ केलेली माहिती पोपटासारखी सांगेल.

तिसरी, पैसे महिन्याच्या महिन्याला आणि तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. वडिलांच्या किंवा भावाच्या नव्हे. शेवटी एकदम देऊ म्हणाले तर ती सुरुवातीचं भाडं उसनं आणेल आणि दुसऱ्या आठवड्यात गळेल.

चौथी, सुरक्षितता. २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी, शिकाऊ, पगार असो वा नसो, सगळ्या येतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्यातल्या बाईंचा फोन नंबर पहिल्या दिवशी मुलींच्या हाती द्यायचा. स्वच्छतागृह कुठं आहे आणि ते चालू आहे का, शेवटची एसटी किती वाजता सुटते, हेही आधी बघायचं. औंधहून संध्याकाळची गाडी चुकली तर मुलीनं काय करायचं, हा प्रश्न तिच्या घरचे पहिल्यांदा विचारणार आहेत. त्याचं उत्तर आपल्याकडे असायला हवं.

पाचवी, निवड. मुलाखतीत फडाफडा इंग्रजी बोलणारी निवडली जाऊ नये. एक चित्र समोर ठेवावं आणि त्याबद्दल लहान मुलाशी कशी बोलशील ते विचारावं. अर्ज मराठीत. निम्म्या जागा तरी गावाहून येणाऱ्या, स्वतःच्या कमाईवर शिकणाऱ्या मुलींना. ज्यांनी उन्हाळे बेदाण्याच्या शेडवर काढले त्यांना “अनुभव नाही” असं सांगायचं नाही. बारा तास उन्हात उभं राहून चारचौघींशी जमवून घेणं हाही अनुभव आहे.

आता आज काय करायचं ते बोलते. दुपारच्या सत्रात आपण तीन गट करू. एक गट संचालनालयाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा लिहील, तिन्ही संग्रहालयांच्या नावांसह आणि वरच्या हिशेबासह. दुसरा गट सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांसाठी वेगळं निवेदन करील. तिसरा गट विद्यार्थिनींचा. तुम्ही आपापल्या कॉलेजात एक कागद फिरवा. त्यात दोनच प्रश्न : मागच्या सुट्टीत तू काय काम केलंस आणि त्याचे किती पैसे मिळाले? आणि, विद्यावेतन असेल तर संग्रहालयात काम करायला येशील का? शिवाजी विद्यापीठाच्या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांतून असे कागद गोळा झाले, तर “मुलींना यात रस नाही” असं कुणाला म्हणता येणार नाही. नावं लिहायची गरज नाही. गाव आणि वर्ग पुरे.

आणि निवेदनाची वाट बघत बसायचं नाही. या महिन्यात एक रविवार ठरवू. ज्यांना जमेल त्यांनी औंधला चलायचं. येताना आईला, सासूला, शेजारणीला घेऊन या. यमाईचं दर्शन होईलच. नंतर सैरंध्रीपुढं थांबू आणि त्यांना विचारू, या चित्रात काय चाललंय? तुम्ही किती बोलता यापेक्षा त्या किती बोलतात ते मोजा आणि लिहून आणा. निवेदनाला आपण तेच टिपण जोडू. म्हणजे आपण मागतो आहोत ते काम कसलं आहे, हे वाचणाऱ्याला नीट कळेल.

एवढं बोलून थांबते. गटांची नावं फळ्यावर लिहिते आहे, आपापलं नाव त्याखाली घाला.